पाचवी नळी

१

नळ्या गेल्याचं कळलं तेव्हा सकाळचे सव्वाआठ झाले होते. मी रजिस्टर उघडून पेनाचं टोपण काढत होते, तेवढ्यात प्रयोगशाळेतून धाकटीची हाक आली.

"ताई, जरा आत येता का?"

धाकटी म्हणजे आमची नवी तंत्रज्ञ. वयानं सगळ्यांत लहान, म्हणून हे नाव. ती नायट्रोजनच्या टाकीपाशी उभी होती. ही टाकी दुधाच्या कॅनसारखी दिसायची, कमरेएवढी उंच. आत उणे दोनशेच्या आसपासचा द्रव आणि त्यात बुडवून ठेवलेले सहा डबे. डब्यांत झाडूच्या काडीएवढ्या बारीक नळ्या, आणि प्रत्येक नळीत कोणाचे तरी शुक्राणू, गोठवून झोपवलेले. नळीवर नाव नसायचं, फक्त क्रमांक.

"चारशे बाराच्या नळ्या नाहीत," ती म्हणाली. "चारही. मी तीनदा पाहिलं. बाकी सगळ्यांच्या जागेवर आहेत."

"चारशे बारा म्हणजे गुरुवारवाले?"

तिनं मान हलवली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

आमचा दवाखाना मूल न होणाऱ्या जोडप्यांचा होता, त्यातही पुरुषात दोष असलेल्या जोडप्यांचा जास्त. गुरुवारवाला नवरा तेहेतीस वर्षांचा होता. तीन वर्षांपूर्वी त्याला वृषणाचा कर्करोग झाला. औषधांनी तो बरा झाला, पण त्या औषधांनी शुक्राणू बनायचे कायमचे थांबले. औषधं सुरू होण्याआधी आम्ही त्याच्या चार नळ्या भरून ठेवल्या होत्या. त्याचं स्वतःचं मूल व्हायचं तर त्या चार नळ्यांतूनच होणार होतं. आता त्याची बायको बारा दिवस पोटात सुया टोचून घेत होती. अकरा बीजांडं वाढलेली दिसत होती. गुरुवारी ती बाहेर काढायची आणि एकेका बीजांडात एकेक शुक्राणू सुईनं सोडायचा, असं ठरलं होतं.

डॉक्टरबाई आल्या. टाकीत डोकावल्या आणि स्टुलावर बसल्या.

"पोलिसांना सांगायचं का?" मी विचारलं.

"पोलीस येऊन काय करतील? टाकीत हात घालतील." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आज रात्री नऊला तिचं शेवटचं इंजेक्शन आहे. ते दिलं की मागे फिरता येत नाही, दीड दिवसात बीजांडं काढावीच लागतात. आणि बीजांडं गोठवून ठेवणं आपल्याला जमत नाही. ती दोघं साडेपाचला येतील. तोवर तू शोध. तुझं डोकं म्हणजे या दवाखान्याचं दुसरं कपाट आहे."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर मी त्यांना सांगेन, आम्ही हरवल्या. आणि धाकटीला सांगेन, उद्यापासून येऊ नकोस. पाडल्या असतील हातून, आणि भीतीनं गप्प बसली असेल."

मी खोलीभर नजर फिरवली. टाकीला कुलूप नीट होतं. नळ्या दुसरीकडे न्यायचा छोटा थर्मास फळीवर होता. टाकीत बुडवून द्रवाची पातळी मोजायची लाकडी पट्टी खिडकीपाशी उलटी टेकवून ठेवलेली होती. मी हे सगळं पाहिलं आणि जागच्या जागी राहू दिलं.

२

चारशे बाराची गोष्ट मास्तरांशिवाय सांगता येत नाही.

मास्तर आमचे प्रयोगशाळाप्रमुख. तरुणपणी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून मास्तर. मला ते चित्रगुप्त म्हणत, कारण सगळ्यांच्या नोंदी माझ्याकडे. अठरा वर्षं आम्ही शेजारशेजारच्या खोल्यांत काम केलं. मधे एक सरकत्या काचेची खिडकी होती आणि दुपारचा चहा होता. त्याहून जास्त आमच्यात काही नव्हतं, आणि ते कमीही नव्हतं.

मायक्रोस्कोपखाली शुक्राणू मोजायला त्यांच्याकडे मुठीत मावणारं एक पोलादी यंत्र होतं. एक दिसला की अंगठ्यानं दाबायचं. टक व्हायचं आणि आकडा एकानं पुढे सरकायचा. आम्ही त्या यंत्राला टकल्या म्हणायचो. मास्तरांच्या डोक्यावरही केस नव्हते, त्यामुळे दोघांना मिळून एकच नाव पुरायचं.

तीन वर्षांपूर्वी तो मुलगा आला तेव्हाची दुपार मला आजही दिसते. मुलगाच म्हणते, तिशीचा तर होता. नमुन्यात एकही शुक्राणू नव्हता, म्हणून डॉक्टरबाईंनी वृषणातून भाताच्या शितापेक्षा लहान असा तुकडा काढला होता. त्यात शोधायचं होतं. त्याच्या वडिलांनाही हाच आजार झाला होता, आणि औषधांनी झिजत झिजत ते गेले, ते त्यानं उशाशी बसून पाहिलं होतं.

"माझं काही मागे राहणार असेल तर मीही झिजेन," तो डॉक्टरबाईंना म्हणाला होता. "नाहीतर आहेत ते दिवस घरीच काढीन. मला औषध नको." त्याची बायको शेजारी बसून पिशवीच्या बंदाला गाठी मारत होती आणि सोडत होती. मास्तर दारात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि आत गेले.

अकरा वाजता बसले. मी इकडे पत्रं लिहीत होते. काच उघडी होती, आणि दुपार इतकी शांत की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना ऐकू यायचा. तीनदा चहा नेला, तीनदा गार झालेला परत आणला. चार वाजून वीस मिनिटांनी ते बाहेर आले. डोळे लाल झाले होते.

"लिहा चित्रगुप्त. सतरा."

"हलणारे?"

"सतरा. लिहा."

मी लिहिलं. बाहेर त्या मुलानं मास्तरांचे दोन्ही हात धरले. दुसऱ्याच दिवशी तो कर्करोगाच्या इस्पितळात दाखल झाला.

नळ्या गेल्या त्याच्या दोनच महिने आधी मास्तर निवृत्त झाले होते.

३

"काल टाकीपाशी कोण कोण आलं होतं?" मी धाकटीला विचारलं.

"मी. सकाळी पातळी मोजली, कुलूप लावलं. तेव्हा नळ्या होत्या, मी गुरुवारसाठी बघून ठेवल्या होत्या."

"किल्ली?"

"टेबलाच्या खणात. दुपारी मी जेवायला गेले. मास्तर आले होते तेव्हा, चष्मा राहिला म्हणून. मी म्हटलं, शोधा, तुमचंच घर आहे." ती थांबली. "ताई, माझ्या हातून पडल्या असत्या तर मी सांगितलं असतं. तुम्ही तरी विश्वास ठेवाल का?"

"आधी तोंड धू," मी म्हटलं.

काल आणखी एक जण येऊन गेला होता. त्या मुलाचा मोठा भाऊ. माझ्याच खिडकीशी उभा राहून त्यानं विचारलं होतं, ठेवलेल्या नळ्या नष्ट करायच्या तर अर्ज कोणी द्यायचा? मी त्याला दुकानावर फोन लावला, तर तो अर्ध्या तासात स्वतःच हजर झाला.

"मी विचारलं, खरं आहे," तो म्हणाला. "वडील गेले, हा जाता जाता राहिला. उद्या पोरालाही तेच झालं तर? तिसऱ्यांदा उशाशी बसायची ताकद नाही माझ्यात."

"मग काय केलंत?"

"काय करणार? तुम्ही म्हणालात, सही त्याचीच लागते. गेलो घरी. बायकोनं वर ऐकवलं, 'तुमच्या घरात नाक खुपसायला जागा कमी आहे का, म्हणून भावाच्या घरात खुपसता?'" तो ओशाळं हसला. मग माझ्याकडे नीट पाहिलं. "का? काही झालंय का?"

"काही नाही. कागद पुरे करतेय."

तो गेला. टाकीचं झाकण कसं उघडतात हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. आणि ज्यानं नळ्या काढल्या त्याचा हात सराईत होता. त्याच डब्यात आमची एक सरावाची नळी असायची. ती धाकटीनं सकाळी ऊब देऊन पाहिली होती, आणि आतले जिवंत निघाले. अनोळखी माणसानं डबा वर उचलून शोधाशोध केली असती तर अख्खा डबा मेला असता.

म्हणजे आमच्यातलाच कोणीतरी. आणि सराईत हात आमच्यात दोनच माणसांचे होते.

दुपारी तो मुलगा एकटाच आला, गुरुवारच्या कागदांवर सही करायला. पाकिटातून क्रमांकाचं कार्ड काढून त्यानं खिडकीत ठेवलं. कडा झिजून कार्ड कापडासारखं मऊ झालं होतं.

"झोप येत नाही हो ताई," तो म्हणाला. "हिला म्हटलं, तू सुया घेतेस आणि पोटात गोळा माझ्या येतो. शनिवारी मास्तर भेटले बाजारात. त्यांनाही सांगितलं, गुरुवारी आहे म्हणून."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. गळ्यातला चष्मा लावून हे कार्ड वाचलं. मग माझा हात धरून उभे राहिले, बराच वेळ. भाजीवाला म्हणाला, आजोबा, घेताय का सरकताय?" तो हसला. "भरून आलं असेल त्यांना."

मी सही घेतली. त्याच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही.

४

मास्तरांकडे एकच चष्मा होता, दोरीनं गळ्यात अडकवलेला. शनिवारी तो बाजारात त्यांच्या नाकावर होता, तर सोमवारी आमच्याकडे राहिलेला कसा?

मी पुन्हा प्रयोगशाळेत गेले. पट्टी अजून खिडकीपाशी उलटी उभी होती. टाकीतून काढली की तिच्यावर बर्फ धरतो आणि मग पाणी गळतं. धाकटी ती तशीच कोपऱ्यात टाकून द्यायची, आणि यावरून मास्तरांनी तिला वर्षभर टोचलं होतं. टाकी उघडली की पातळी मोजायची, आणि मोजली की पट्टी उन्हात उलटी टेकवायची. चोरी करायला आलेल्या माणसानंही जाताना हे केलं होतं. सवय माणसाच्या आधी उठते आणि त्याच्यानंतर झोपते.

पण का? थर्मास जागेवर होता. म्हणजे नळ्या जिवंत नेलेल्याच नव्हत्या. ज्या चार नळ्यांसाठी मास्तर पाच तास बसले, त्या त्यांनी नुसत्या उचलून खिशात टाकल्या होत्या.

मी जुनं रजिस्टर काढलं. अक्षर माझं, शब्द मास्तरांचे. गोठवलेले शुक्राणू पुन्हा जागे होतात का हे पाहायला आम्ही एक नळी जास्त भरायचो आणि दुसऱ्या दिवशी ती उठवून पाहायचो. त्यामुळे पानभर एकच हिशेब होता. भरल्या सात, ठेवल्या सहा. भरल्या पाच, ठेवल्या चार. शेवटच्या रकान्यात, उठवून पाहिली, जिवंत.

चारशे बारासमोर होतं: भरल्या चार, ठेवल्या चार. उठवून पाहिली, जिवंत.

कोणती उठवली? पाचवी नळी कुठे होती?

मी पान तसंच उघडं ठेवून बसले. मधल्या खिडकीची काच सरकवलेली होती. पलीकडे धाकटी कोणाचा तरी नमुना मोजत होती, आणि टक, टक, टक आवाज येत होता.

मी चपला घातल्या.

५

मास्तर दवाखान्यामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. दार उघडलं तेव्हा चष्मा गळ्यात होता.

"या चित्रगुप्त. आज याल असं वाटतच होतं. चहा?"

"नको. चष्म्याचं घर दाखवा."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग खिशातून चष्म्याचं घर काढून उघडलं. आत चार नळ्या होत्या.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"गोठवायचं द्रावण."

"आणि?"

"निव्वळ द्रावण."

मी खाली बसले. "त्या दिवशी खिडकी उघडी होती मास्तर. पाच तासांत एकदाही टक वाजली नाही."

"एकही नव्हता हो. कण न् कण पाहिला. पुन्हा पाहिला. बाहेर आलो तर तो खुर्चीतून उठून उभा. मला वाटलं, आता नाही म्हटलं तर हा घरी जाऊन मरेल."

"सतरा का?"

"वीस म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं."

खाली कोणीतरी बादली आपटत होतं.

"बरा झाला तेव्हा सांगणार होतो," ते म्हणाले. "तो मिठाई घेऊन आला होता, तुम्हीही होतात. मी तोंड उघडलं आणि त्यानं त्यात मिठाई कोंबली. नंतर म्हटलं, मुलासाठी त्यांना अजून दोन वर्षं थांबायचंय, तोवर पाहू. मग निवृत्त झालो. शनिवारी कळलं, गुरुवारी आहे म्हणून. तिच्या नऊ दिवसांच्या सुया झाल्या होत्या तोवर."

"गुरुवारी धाकटीनं नळ्या उघडल्या असत्या, आणि आपण म्हटलं असतं, उठले नाहीत."

"मेलेलेही दिसतात चित्रगुप्त. तिथे काहीच दिसलं नसतं. आणि धाकटीची नजर चांगली आहे, मीच तयार केलीय." त्यांनी घर मिटलं. "चोरीला गेल्या तर तो दवाखान्यावर चिडेल, जगावर चिडेल. कधी नव्हत्याच असं कळलं तर स्वतःच्या देहावर चिडेल. त्याला औषध नाही."

"आणि धाकटी? डॉक्टरबाई उद्या तिला काढणार आहेत."

ते खरोखरच चमकले. इतका मोजूनमापून चालणारा माणूस, आणि हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तिच्यावर आलं?"

"दुसऱ्या कोणावर येणार? कुलूप तिचं, किल्ली तिची."

मास्तर उठले. सदऱ्याची गुंडी लावली, ती चुकीच्या काजात गेली. मी सांगितलं नाही.

"चला," ते म्हणाले.

६

साडेपाचला डॉक्टरबाईंच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. धाकटी दाराला टेकून उभी होती. मास्तरांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं, काही न वगळता. पट्टी, रजिस्टर, न वाजलेली टक, मी कशाकशावरून ओळखलं तेही त्यांनीच सांगितलं. धाकटीकडे वळून म्हणाले, "पोरी, तुझ्यावर आळ आला, तो माझ्यामुळे." मग टेबलावर चार नळ्या ठेवल्या. त्या एव्हाना सरबताच्या नळीइतक्याच साध्या दिसत होत्या.

"एकही नाही?" त्या मुलानं विचारलं.

"नाही."

"नीट पाहिलं होतंत? पाच तास?"

"पाच तास वीस मिनिटं."

त्यानं पाकिटातून कार्ड काढलं, पाहिलं, परत आत ठेवलं आणि पुन्हा काढलं. कुठं ठेवायचं हे त्याला कळत नव्हतं.

बायको मास्तरांशी बोलली, पण त्यांच्याकडे न पाहता, नळ्यांकडे पाहत.

"इस्पितळात याला उलट्या थांबायच्या नाहीत, तेव्हा आम्ही त्या सतरा जणांच्या गोष्टी करायचो. कोण पुढे पळतो, कोण आळशी, कोण कोणाला ढकलतो. सतरावा लंगडा होता. त्याचे आम्ही जास्त लाड करायचो."

मास्तरांनी भिंतीला हात टेकला.

डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, की दुसऱ्या कोणा दात्याचे शुक्राणू वापरता येतात, आज रात्रीपर्यंत वेळ आहे. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता.

"आज नको," ती म्हणाली. मग विचारलं, "आता त्या अकरांचं काय होतं?"

"इंजेक्शन घेतलं नाही तर आतल्या आत विरून जातात. तुम्हाला काही होणार नाही."

"मला काही होणार नाही," ती म्हणाली. पिशवीचा बंद तिच्या बोटाला घट्ट गुंडाळलेला होता, बोट पांढरं पडलं होतं.

दोघं उठली. जाताना तो मास्तरांच्या अगदी जवळून गेला, पण थांबला नाही. शेवटचं इंजेक्शन फ्रिजमध्येच राहिलं. गुरुवारी मी त्यांच्या नावासमोर 'रद्द' लिहिलं.

७

धाकटी पुढे आमची प्रयोगशाळाप्रमुख झाली. मास्तर चार वर्षांनी गेले. दवाखान्यात त्यांनी पुन्हा कधी पाऊल टाकलं नाही, आणि आमचा चहाही तिथंच थांबला. त्यांच्या सुनेनं एक पुडकं माझ्या घरी पोचवलं. आत टकल्या होता. आकडा शून्यावर आणून ठेवलेला. तो माझ्या टेबलावर असतो, कागद उडू नयेत म्हणून.

गेल्या वर्षी एका दुपारी दारावरची घंटा वाजली. पिकलेल्या केसांचा एक गृहस्थ उभा होता. मी त्याला आवाजावरून ओळखलं.

"ती खाली गाडीत बसलीय," तो म्हणाला. "वर येणार नाही म्हणते."

"येऊ नये. बरोबर आहे तिचं."

तो बसला. पाणी प्यायला. दोघंच असतात, असं म्हणाला. भावाच्या मुलीचं लग्न झालं, असंही म्हणाला. मग ग्लास खाली ठेवला.

"एक विचारायचं राहिलं होतं ताई. त्या दिवशी टक वाजली नाही, हे तुमच्या केव्हा लक्षात आलं?"

मास्तरांना, डॉक्टरबाईंना, सगळ्यांना मी हेच भासवलं होतं की तीन वर्षांनी, त्या मंगळवारी, रजिस्टर पाहताना ध्यानात आलं. सगळे म्हणाले होते, काय आठवण आहे.

"त्याच दुपारी," मी म्हणाले.

"तरी लिहिलंत?"

"तुम्ही समोर बाकावर बसला होतात. दारातून दिसत होतात. लिहिलं."

मला वाटलं, आता उठून जाईल.

"राग गेला नाही अजून," तो म्हणाला. "पन्नाशी आली, तरी जात नाही."

मग त्याची नजर टेबलावर गेली. "हेच का ते?"

मी मान हलवली. त्यानं यंत्र उचललं, मुठीत धरलं, अंगठा ठेवला आणि एकदा दाबलं.

टक.

"असा आवाज होतो तर," तो म्हणाला. यंत्र कागदांवर परत ठेवून तो जिना उतरून गेला. खाली गाडीचं दार लागल्याचं मी ऐकलं.

मी आकडा मागे फिरवलेला नाही. त्यावर अजूनही एक आहे.